आपली टाकी आपण रिकामी करायची

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि संडासाची सोय असलेली गाडी, घेऊन फ्रान्सच्या खेड्यांतून हिंडतोय म्हटल्यावर घरून प्रश्न येतात ते द्राक्षमळ्यांचे आणि चीजचे. ते सगळं आहेच. लॉत जिल्ह्यात सेले नदीच्या काठाने, चुनखडीच्या कड्यांना बिलगून जाणारा रस्ता आहे. त्यावर घाई करावीशीच वाटत नाही. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, मग आम्हीही अक्रोडाच्या सावलीत आडवे.

पण मला लिहायचंय गावाबाहेरच्या एका सिमेंटच्या चौथऱ्याबद्दल. गाव जेमतेम तीनशे वस्तीचं. तरी तिथल्या पंचायतीने व्हॅनवाल्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाण्याची जाळी आणि संडासाची टाकी ओतायची जागा केलेली. टाकी धुवायचा नळ वेगळा, त्यावर 'पिण्याचे पाणी नाही' अशी पाटी. व्हॅनच्या बाजूचं दार उघडायचं, वीसेक लिटरची टाकी ओढून काढायची, चाकांवर ढकलत न्यायची, ओतायची, दोनदा विसळायची, मागच्यासाठी जागा धुऊन ठेवायची. माझ्यापुढे सत्तरीचे एक आजोबा होते, इस्त्रीच्या शर्टात. काम झालं, हात धुतले, "बाँजूर" म्हणून गेले.

'फ्रान्स पासियाँ' नावाची योजना १९९३ पासून चालू आहे. शेतकरी आपल्या शेतात एक रात्र फुकट राहू देतात. एक मुख्य अट अशी की संडास आणि सांडपाण्याची टाकी गाडीतच हवी. फुकट मुक्कामाचं मला अप्रूप नाही. आमच्या कणकवलीकडे कुणाच्याही अंगणात गाडी लावा, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. पण तोच घरधनी पाहुण्याला संडासाची टाकी स्वतः धुऊ देईल? आणि पाहुणा धुवेल?

आईला सांगितलं तर ती कळवळली, "इंजिनेर होऊन ह्या करूक गेलंस थंय?" मला राग आला. आईचा नाही, हे काम ठरावीक जातींच्या माथी मारून आपण निवांत बसलो, त्याचा. माणसांकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा झाला, तरी माणसं अजून गटारात उतरतात आणि मरतात.

मात्र हे शिकायला फ्रान्सलाच यावं लागतं असं कुणी म्हणालं, तर मी भांडेन. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. आमच्या कणकवलीच्या गोपुरी आश्रमाच्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपास केला. मागितलं काय, तर हे काम! इथल्या आजोबांना त्यासाठी उपास करावा लागला नाही, त्यांना चौथरा मिळाला, नळ मिळाला. आपल्याकडे माणसं मोठी झाली, सोय मागे राहिली. मला तरी फरक तिथेच दिसतो.

बाबा निवृत्त ग्रामसेवक. त्यांनी एकच विचारलं, "ता पाणी जाता खंय?" इकडच्या बऱ्याच लहान गावांत मैलापाणी बोरूसारख्या उंच गवताच्या वाफ्यांतून गाळून शुद्ध करतात. हे ऐकल्यावर त्यांनी चौथऱ्याचे, जाळीचे, दोन्ही नळांचे फोटो मागवून घेतले. उताराचा फोटो नीट आला नव्हता, तो परत काढून पाठवलाय. सरपंचांना दाखवणार आहेत.