‘कामाचे स्वरूप अस्पष्ट’: ॲमेझॉनला जाण्याआधीचे माझे ४१ दिवस

पेरूहून परत येऊन सात महिने झाले. जंगलातले नव्वद दिवस कसे गेले हे सगळेच विचारतात आणि मी हौसेने सांगतेही. पण माझ्यासारखंच जाऊ बघणाऱ्या एखाद्या मुलीचा फोन आला की मला आधी आठवतं ते पोलीस ठाण्यातलं लाकडी बाकडं. पोलीस पडताळणीच्या एका दाखल्यासाठी त्यावर मी आठ वेळा बसले. अजूनही त्या रस्त्यावरून गाडी नेताना पोटात कालवतं, म्हणून आधी तेच लिहून काढते.

काम काय होतं ते थोडक्यात. पेरूच्या आग्नेय टोकाला मादरे दे दिओस नावाचा प्रांत आहे. तिथे ताम्बोपाता हे २००० साली घोषित झालेलं राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे, पावणेतीन लाख हेक्टरच्या आसपास. पुएर्तो माल्दोनादो या गावातून होडीने नदी चढून गेलं की काठाकाठाने पर्यटकांसाठी लॉज लागतात. त्यातल्या एका लॉजवर मी तीन महिने रेसिडेंट नॅचरलिस्ट होते. म्हणजे तिथेच राहायचं, पाहुण्यांना जंगल दाखवायचं, रोजच्या नोंदी ठेवायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायचा. राहणं-जेवण लॉजचं, विमानाचं तिकीट आपलं, पगार नाही. हे शेवटचे दोन शब्द लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलं.

निवड झाली ती नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याच्या जोरावर. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. शाळेत असल्यापासून मामाबरोबर चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर जायचे, आणि पुढे प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना सहा हिवाळे तिथल्या पक्ष्यांची गणती केली. २०२० मध्ये त्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातली पहिलीच. मुलाखतीत मी माझ्या वह्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. तारीख, वेळ, ढग किती, वारा कुठून, काय दिसलं, काय दिसलं नाही. त्यांना तेवढंच हवं होतं. पासपोर्ट चार महिन्यांपूर्वीच झाला होता आणि व्हिसानेही त्रास दिला नाही.

राहिला पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला. लॉजवर लहान मुलं घेऊन कुटुंबं येतात आणि त्यांना रात्री टॉर्चच्या उजेडात जंगलात आम्हीच नेतो, म्हणून लॉजने तो मागितला. ही मागणी मला तेव्हाही पटली आणि आजही पटते. सगळी कागदपत्रं ३० एप्रिलपर्यंत पाठवायची होती. नाहीतर जागा पुढच्या तुकडीला जाणार होती.

दाखल्याच्या अर्जाचं पासपोर्ट सेवा केंद्रातलं काम तासाभरात उरकलं. अर्ज ऑनलाइन आमच्या भागातल्या ठाण्याकडे गेला आणि तिथेच बसला.

पहिल्या खेपेला कळलं की आमची कॉलनी दोन ठाण्यांच्या हद्दीवर आहे. ‘तुमचं ते पलीकडच्यांकडे येतं,’ असं सांगून मला पाठवलं. पलीकडच्यांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, ‘अर्ज त्यांच्याकडेच आहे, आमच्याकडे दिसत नाही.’ त्यात चार दिवस गेले. मग होळी आली. मग रंगपंचमी आली. नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे जुने हौद, उघडणार आणि सगळं शहर रस्त्यावर, त्यामुळे पोलीसही रस्त्यावर. ‘साहेब बंदोबस्ताला आहेत, सोमवारी या.’ सोमवारी गेले तर साहेब कोर्टात. पुढे रामनवमी, लगेच दोन दिवसांनी रामाचा आणि गरुडाचा रथ. बंदोबस्ताबद्दल माझी तक्रार नाही. रथाच्या गर्दीत मीही लहानपणापासून जातेय, ती माणसं उन्हात काय उभी राहतात ते मला माहीत आहे. तक्रार वेगळी आहे. या सगळ्या खेपांत एकानेही मला सांगितलं नाही की तुमच्या अर्जावर शंका निघाली आहे. साइटवर रोज एकच ओळ दिसायची, पडताळणी प्रलंबित. घरी बाबा म्हणायचे, ‘कुणाला तरी भेटूया का?’ मी नाही म्हणत होते. माझं काही चुकलेलं नसताना कुणाला कशाला भेटायचं?

लॉजच्या संयोजक बाईंना तोंड देणं हे दुसरं संकट. पेरूची वेळ आपल्या साडेदहा तास मागे. त्यांची सकाळ झाली की माझी संध्याकाळ, आणि दर संध्याकाळी माझ्याकडे सांगायला तेच: अजून नाही. जाणाऱ्यांना एक सांगते, असं काही अडलं तर गप्प बसू नका. मी दर आठवड्याला काय झालं ते तारखेसह लिहून कळवत राहिले. म्हणूनच त्यांनी माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं.

सातव्या खेपेला गोपनीय विभागातले एक वयस्कर हवालदार जागेवर भेटले. त्यांनी माझी फाइल काढली. वरच्या कागदावर कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कामाचे स्वरूप अस्पष्ट. वेतन नाही?’ खाली तारीख होती. रंगपंचमीच्या आदल्या दिवसाची. म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त ती एक पेन्सिलची ओळ तिथे पडून होती आणि मी बाहेर बाकड्यावर बसून होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने. मोबाइल नंबर त्याच कागदावर होता. एक फोन केला असता तर मी दहा मिनिटांत आले असते.

हवालदार शांतपणे म्हणाले, ‘ताई, परदेशातलं पत्र, पगार नाही, जंगलात राहायचं. अशी पत्रं घेऊन गेलेली पोरं अडकलेली आम्ही बघितलीत. तिथे तुमचा पासपोर्ट कुणी काढून घेतला तर?’ त्यांची काळजी खोटी नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. पण काम समजावायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मराठीत याला रुळलेला शब्दच नाही. गाइड म्हटलं तर पगार हवा. विद्यार्थी म्हटलं तर कॉलेज कुठलं? संशोधक म्हटलं तर संस्था कुठली? अर्जातल्या एकाही रकान्यात मी बसत नव्हते.

मी म्हटलं, ‘साहेब, उद्या सगळं लिहूनच आणते.’

त्या रात्री एक पानभर मजकूर लिहिला, मराठीत. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा. अर्ज करायच्या आधीच हे पान तयार ठेवा, पडताळणीच्या वेळी हातात द्या आणि पोच घ्या. मोठेमोठे शब्द नकोत, फक्त दिवस कसा जातो ते लिहा. माझ्या पानावर होतं ते असं: पहाटे ४ ला उठणे. पाहुण्यांना होडीने नदीकाठच्या दरडीपाशी नेणे, तिथे पोपट माती खायला येतात ते दाखवणे व दर ५ मिनिटांनी मोजणे. सकाळी पायवाटेने जंगलफेरी. दुपारी नोंदी वहीतून कॉम्प्युटरवर घेणे. संध्याकाळी तळ्यावर पाणमांजरे पाहणे. रात्री जेवणानंतर पाहुण्यांसाठी अर्धा तास माहिती. राहण्याची जागा, जवळचं गाव, लॉजचा फोन. पासपोर्ट स्वतःजवळच राहील, असं लॉजचं लेखी पत्र सोबत. हे पत्र मी रात्रीच मागवून घेतलं. वेळेचा तो फरक त्या एका रात्री माझ्या कामी आला.

आठव्या खेपेला हवालदारांनी चष्मा लावून ते पान सावकाश वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून थांबले. ‘पोपट माती खातात?’

मी सांगितलं, की ॲमेझॉनचा तो भाग समुद्रापासून फार लांब, त्यात पाऊस सतत जमीन धुऊन नेतो, त्यामुळे झाडाफळांत मीठ, म्हणजे सोडियम, फार कमी. नदीच्या काही दरडींच्या मातीत ते जास्त असतं. म्हणून मकाव आणि इतर पोपट तिथे शेकड्याने जमतात, असं अभ्यासक मानतात. त्या दरडीला तिकडे ‘कोल्पा’ म्हणतात.

ते मान हलवत म्हणाले, ‘म्हणजे आपण गोठ्यात गुरांना खडामीठ टांगतो, तसं.’

‘अगदी तसंच.’

मग त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले, सगळे कामाचे. कितीजण असतात, बायका किती, आजारी पडलीस तर दवाखाना किती लांब. शेजारच्या काकूंना आणि आमच्या इमारतीच्या सचिवांना साक्षीसाठी घरी येऊन भेटले. त्याच संध्याकाळी अहवाल गेला. एकेचाळिसावा दिवस. दोन दिवसांनी दाखला हातात आला, तो मी देवापुढे ठेवला आणि मग स्कॅन केला.

पुढे जंगलात पाहुण्यांना कोल्पा दाखवताना मी खडामिठाचंच उदाहरण द्यायचे. त्याहून चांगलं मला सुचलं नाही. पहाटेच्या धुक्यात आधी फक्त आवाज येतात. छोटे पोपट आधी उतरतात. मोठे तांबडे-हिरवे मकाव बराच वेळ वरच्या झाडांवर बसून टेहळणी करतात. मग एक जण दरडीवर उतरतो, चोचीने मातीचा गोळा काढतो, एका पायात धरतो आणि कुरतडत खातो. तो उतरला की पाच मिनिटांत अख्खी दरड लाल होते. एखादा ससाणा दिसला की सगळे एकदम ओरडत उडतात, आणि वहीत तो आकडा शून्य लिहायचा असतो. शून्यही लिहायचं, हे मी नांदूरमध्यमेश्वरला शिकले होते.

काम कष्टाचं आहे. पाहुण्यांना जग्वार हवा असतो आणि आपल्याकडे दाखवायला पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग असते. त्या रांगेपाशी माणसांना वीस मिनिटं उभं करणं हेच खरं कौशल्य. मुंग्या ती पानं खात नाहीत, वारुळात त्यांच्यावर बुरशी वाढवतात आणि ती खातात, हे कळल्यावर बहुतेकजण गुडघ्यावर बसून बघायला लागतात. तळ्यातली मोठी पाणमांजरं जवळजवळ पावणेदोन मीटरपर्यंत लांब होतात आणि कुटुंबाने राहतात. त्यांच्यापासून होडी लांबच ठेवावी लागते, पाहुणे कितीही म्हणाले तरी. प्रत्येक पाणमांजराच्या गळ्यावरचा फिकट ठिपका वेगळा असतो, त्यावरून ओळख पटवून नोंद ठेवायची. माझ्या वहीत एका कुटुंबातल्या सहा गळ्यांची चित्रं आहेत.

आता आठवतील तशा बाकीच्या गोष्टी.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस. ती मला मुंबईला जाऊन घ्यावी लागली. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशीच देतात. आधी वेळ घ्या, मूळ पासपोर्ट न्या. लसीचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, त्यामुळे ही लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. २०१६ पासून एकच डोस जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. लसीच्या दाखल्याची पिवळी पुस्तिका तिकडे जाताना जेवढी लागते त्याहून परत येताना जास्त लागते. पेरूहून येणाऱ्याकडे ती नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

स्पॅनिश शिकाच. पाहुण्यांशी इंग्रजी चालतं, पण होडीवाले आणि स्वयंपाकघर स्पॅनिशमध्येच बोलतं, आणि जंगल खरं त्यांनाच ठाऊक असतं.

स्वेटर न्या. माझा विश्वास बसला नव्हता. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वारे येतात, त्याला ‘फ्रियाखे’ म्हणतात, आणि तीन-चार दिवस पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरू शकतो. त्या दिवसांत पोपटही कोल्पावर फारसे आले नाहीत. मी आईने कोंबून दिलेली शाल पांघरून बसले होते.

दुर्बीण हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. तिथल्या वाळूमाशीमुळे लेशमानियासिस हा त्वचेचा आजार होतो. गमबूट लॉजवर मिळतात, पण लहान मापाचे नसतात, मला माझे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या दुकानातून न्यावे लागले.

आणि ठाण्यात जाताना प्रत्येक खेपेची तारीख, वेळ, कोण भेटलं आणि काय म्हणालं हे वहीत लिहा. पक्ष्यांची नोंद ठेवतो तशीच. आठव्या खेपेला मी ती वही पुढे केली म्हणूनच अहवाल त्याच संध्याकाळी गेला, असं मला वाटतं.

सिन्नरच्या एका मुलीची याच लॉजवर निवड झाली आहे. माझं ते पानभर मराठी तिने तिच्या नावाने लिहून काढलं आणि पहिल्याच दिवशी ठाण्यात देऊन पोच घेतली. आज तिचा नववा दिवस आहे आणि अजून कुणाचा फोन नाही. उद्या सकाळी साडेदहाला आम्ही दोघी जाणार आहोत.