‘फॉक्स’ या क्रूझरचा सेवाकाळ जुळवताना

‘एच.एम.एस. फॉक्स’ ही ब्रिटिश क्रूझर १८९३ साली पोर्टस्मथच्या गोदीत पाण्यात उतरली आणि १९२० साली मोडीत गेली. १८८९च्या नौदल संरक्षण कायद्यानुसार बांधलेल्या ‘अ‍ॅस्ट्रिया’ वर्गातील आठ नौकांपैकी ती एक. वजन सुमारे ४,३६० टन, दोन सहा इंची आणि आठ ४.७ इंची तोफा. एवढे कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. ती कोणत्या दिवशी कुठे होती, हे मात्र लॉगबुकांवरूनच, म्हणजे नौकेवरील रोजच्या नोंदवह्यांवरूनच, ठरवावे लागते आणि ती लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘ए.डी.एम. ५३’ (ए.डी.एम. म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, ब्रिटिश नौदल खाते) या मालिकेत जपलेली आहेत.

ओळख आणि पत्ता यांचे पुरावे दाखवल्यावर वाचकपत्र मोफत मिळते. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलीनेच टिपणे घ्यावी लागतात. लॉगबुकाच्या पानावर वारा, वायुभार, तापमान आणि आजारी खलाशांची संख्या यांचे रकाने असतात. शेऱ्यांत नांगर टाकल्याची वेळ, कोळसा भरणे, डेक धुणे. पानामागून पाने अशीच जातात, तरी एकही गाळू नये, कारण मोठी घटनाही त्याच कोरड्या भाषेत नोंदलेली असते.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो नोव्हेंबर १९१४ मधील टांगा या बंदराच्या प्रकरणाला. १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघालेली भारतीय फौज जर्मन पूर्व आफ्रिकेच्या (आजच्या टांझानियातील) या बंदरावर उतरायची होती. २ नोव्हेंबरला कप्तान कॉलफील्ड ‘फॉक्स’ घेऊन बंदरात शिरले आणि त्यांनी शरणागती मागितली; जर्मन जिल्हाधिकाऱ्याने वेळकाढूपणा केला, पुढे सुरुंग शोधण्यातही वेळ गेला आणि तेवढ्यात जर्मन सेनापती लेट्टोव-फोरबेक यांनी रेल्वेने सैन्य आणले. ४ तारखेला भारतीय फौजेचा मोठा पराभव झाला. लॉगबुकातून वेळा मिळतात, त्यामागची कारणे मिळत नाहीत. म्हणून लष्करी अहवाल शेजारी ठेवूनच ही पाने वाचावीत, असे माझे ठाम मत आहे. पराभवाचे खापर एकट्या कॉलफील्ड यांच्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

जून १९१६ मध्ये तांबड्या समुद्रावरील, तुर्कांच्या ताब्यातले जिद्दा बंदर शरण आले, तेव्हाही ‘फॉक्स’ तेथे होती. जर्मन आरमारासमोर निरुपयोगी ठरलेल्या या जुन्या नौकेने किनाऱ्यांवर मात्र मोलाची कामगिरी बजावली. १९०४ सालच्या सोमाली किनाऱ्यावरील इलिगच्या मोहिमेसाठी आता ‘ए.डी.एम. १७१’मधील पदकांच्या याद्या तपासायच्या आहेत.