जीव घाबरा

मंगळवार, सकाळी अकरा

रात्रपाळी संपवून घरी आले, आंघोळ झाली, पण झोप लागत नाही. शुक्रवारची रात्र अजून मनातून जात नाही. ती आधी लिहून काढते.

दोन महिने झाले, मी ओईटीची तयारी करतेय. नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट अशा आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच असलेली ही इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं जमेल असं वाटतं. धास्ती आहे ती बोलण्याची. हातात कार्ड देतात, तीन मिनिटं विचार करायला, मग पाचेक मिनिटं समोरच्या ‘पेशंट’शी बोलायचं. असे दोन प्रसंग. आमची शाळा मराठी माध्यमाची, एबीसीडी पाचवीत सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे शब्द कमी आहेत हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून वही घातली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, रोज वीस शब्द. शुक्रवारपर्यंत नऊशेच्या वर गेले होते. शिवाय सराव म्हणून हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं, आणि डॉक्टरांना करायचे फोनही इंग्रजीतूनच करायचे, असं मी ठरवलं होतं.

शुक्रवारी रात्री दीडच्या सुमारास सात नंबरच्या आजींनी हाक मारली. जतकडच्या. साखरेचा आजार, पायाची जखम चिघळली म्हणून ॲडमिट. म्हणाल्या, “बाई, पोटात कालवाय लागलंय. जीव घाबरा व्हाय लागलाय.” मी फोन लावला आणि इंग्रजीत सांगितलं की पेशंट अँक्शस आहे, ॲब्डॉमिनल डिस्कम्फर्ट आहे. घाबरा म्हणजे अँक्शस. वहीत तसंच आहे, माझ्याच अक्षरात. पलीकडून उत्तर आलं, बीपी बघा, धीर द्या, हातातलं संपवून येतो. डॉक्टरांचं काहीच चुकलं नाही. मी जे सांगितलं, त्याला तेच उत्तर बरोबर होतं.

बीपीचा पट्टा बांधताना आजींच्या दंडाला हात लागला. गार, चिकट. कपाळ घामाने ओलं, आणि डोक्यावर पंखा चालू. परत फोन केला, या वेळी मराठीत. “डॉक्टर, आजींचा जीव घाबरा होतोय, घाम सुटलाय.” माझं बोलणं संपायच्या आत ते निघाले होते. ईसीजीत बदल दिसले, आजींना आयसीयूत हलवलं. छातीत दुखतंय असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. मधुमेह असेल, त्यातून वय झालेली बाई असेल, तर हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो, हे मी नर्सिंगला असताना शिकलेय आणि वॉर्डात पाहिलंयही. आजींनी ते मला त्यांच्या शब्दांत नीट सांगितलं होतं. मी शब्द बदलला आणि सांगितलेलं वाटेतच गळून पडलं. मधली मिनिटं सहा-सात असतील. मला ती फार वाटतात.

चार दिवस मी अँक्शस या एका शब्दाशी बसलेय. स्पेलिंग येतं, उच्चार येतो, वाक्यात वापरता येतो. परीक्षेत विचारला तर गुण मिळतील. पण हा शब्द ऐकणाऱ्याला कुठे नेतो, ते मला माहीत नव्हतं. तो मनाकडे नेतो. ऐकणारा धीर द्यायला उठतो. ‘जीव घाबरा होणं’ हे शरीरातलं आहे, छाती आणि गळा यांच्या मधे कुठेतरी. असं म्हणणारी बाई कशाला तरी घाबरलेली असेलच असं नाही. आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस हे जाणतं. मीही जाणत होते. वहीतल्या उभ्या रेघेने दोन्हींच्या मधे बरोबरचं चिन्ह आहे असं मला वाटायला लावलं.

असंच ‘सिक’चं. पाचवीपासून सिक म्हणजे आजारी. माझी मैत्रीण इंग्लंडला नर्स म्हणून गेली, तिने फोनवर सांगितलं की पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ तिला म्हणाले, “आय फील सिक.” हिला वाटलं, आजारी आहेत म्हणून तर इथे आहेत. तिने मायेने चौकशी सुरू केली आणि त्यांना अंथरुणातच उलटी झाली. तिकडे त्याचा अर्थ मळमळतंय. साधं बरं वाटत नसेल तर लोक ‘पूअरली’ म्हणतात. तिला बिचाऱ्या गृहस्थांची शरम बघवली नाही. भांडं वेळेवर देता आलं असतं, एवढंच ती परत परत म्हणत होती.

आणि ‘एक्स्पायर’. आपण वॉर्डात सर्रास म्हणतो, पेशंट एक्स्पायर झाला. इंग्लंडमध्ये नातेवाइकांना ‘डाइड’ असंच स्पष्ट आणि हळुवारपणे सांगायला शिकवतात. एक्स्पायर ऐकून त्यांना औषधाच्या बाटलीवरची तारीख आठवेल.

क्लासमध्ये सरांनी एक यादी दिलीय, ती मला मनापासून आवडली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. किती दुखतंय एवढंच विचारून भागत नाही, कसं दुखतंय तेही विचारलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत, आणि गटातल्या गटात सौम्यापासून तीव्राकडे चढत जातात. हॉट, बर्निंग, स्कॅल्डिंग, सिअरिंग. कसं दुखतंय यावरून कारणाचा माग लागतो, म्हणून हे शब्द आम्हाला इतके महत्त्वाचे.

यातला ‘थ्रॉबिंग’ मला एकदा वाचून पाठ झाला. थ्रॉबिंग म्हणजे ठणका. लहानपणी अंगठ्याला नखुरडं झालं होतं, रात्रभर हात वर धरून बसले होते, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला कळ. हा शब्द मला वहीने शिकवला नाही, त्या अंगठ्याने शिकवला. इंग्रजी नाव नंतर चिकटलं. ‘शूटिंग’ म्हणजे सणक, कमरेतून पायात उतरते ती. ‘स्मार्टिंग’ला चुरचुरणं जवळ आहे. पण ‘नॉइंग’ काही केल्या राहत नाही. वहीत कुरतडणं लिहिलंय. इतक्या वर्षांत एकाही पेशंटच्या तोंडून पोट कुरतडतंय असं ऐकलं नाही. पोखरल्यासारखं वाटतंय म्हणतात, खड्डा पडल्यासारखं म्हणतात. आता तेच लिहीन.

उलट बाजूनेही पाहिलं. उसण भरली, हे इंग्रजीत कसं सांगायचं? आणि कणकण? मी आजवर फीव्हर लिहीत आले. थर्मामीटर ९८.६ दाखवतो आणि पेशंट म्हणतो कणकण आहे. दोघंही खरं बोलत असतात. तिकडच्या एखाद्या बाईला असंच काही होत असेल तेव्हा ती कोणता शब्द वापरते, हे मला तिच्याच तोंडून ऐकायला हवं. परवापासून इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटांचे व्हिडिओ बघायला लागलेय. शब्द टिपून घेत नाही, नुसती ऐकते. कुठला शब्द म्हणताना हात कुठे जातो, ते बघते.

रोज वीस शब्दांचा नेम सोडला. आता चार. परीक्षा दीड महिन्यावर आहे, तरी.

आज सकाळी ड्यूटी संपल्यावर आजींना भेटून आले. आयसीयूतून बाहेर आल्यात, लेकीने भरवलेली पेज खात होत्या. मी त्यांची माफी मागितली. काय झालं होतं ते सांगितलं. त्यांना फारसं कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. मग विचारलं, “आजी, जीव घाबरा होतो म्हणजे नक्की काय होतं?”

थोडा वेळ विचार केला त्यांनी. “विहिरीच्या काठावरनं वाकून खाली बघितलं की पायातनं जीव गेल्यागत होतंय न्हवं? तसं. पन पायात न्हाई.” आणि हात गळ्याखाली ठेवला.

घरी येताच वही उघडली. नवीन पान घेतलं, त्यांचं वाक्य जसंच्या तसं उजवीकडे लिहिलं. डावी बाजू अजून कोरी आहे.