नमुने फ्रीझरमध्ये जाण्याआधी

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सामायिक बायोइन्फर्मॅटिक्स कक्ष (डीएनएसारख्या जैविक माहितीचं संगणकावर विश्लेषण करणारा) सुरू करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं. चांगला सर्व्हर घ्यायचा, त्यावर सॉफ्टवेअर टाकायची आणि आतड्यातल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी, प्राध्यापकांनी आपापल्या फाइली पाठवायच्या. ते सगळं वेळेत झालंही. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

सुरुवातीचे बहुतेक प्रकल्प एकाच अवस्थेत यायचे. नमुने घेऊन झालेले, सिक्वेन्सिंगचे, म्हणजे नमुन्यातला डीएनए अक्षर-अक्षर वाचून घेण्याचे, पैसे भरलेले आणि पीएचडीचा विद्यार्थी हार्ड डिस्क घेऊन दारात उभा. ‘ताई, फक्त ग्राफ आणि पी-व्हॅल्यू पाहिजेत.’ पी-व्हॅल्यू म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासायचा आकडा.

त्यातला टाइप २ मधुमेहाचा एक अभ्यास मला अजून तपशीलवार आठवतो. एका गटात मधुमेही, दुसऱ्यात निरोगी माणसं. एक्सेलमध्ये वय, लिंग, वजन, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) असे रकाने होते, पण औषधांचा रकानाच नव्हता. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं नेहमीचं औषध आतड्यातले जिवाणू बदलतं आणि तोच बदल मधुमेहाचा म्हणून मोजला जाऊ शकतो, हे २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवून दिलेलं आहे. मी विचारल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘बहुतेक सगळे त्यावरच असणार, पण केस पेपर काढायला लागतील.’ त्यांच्या रेसिडेंट डॉक्टरांनी ओपीडीचे जुने केस पेपर चाळून तो रकाना भरला. नव्यानेच निदान झालेले, औषध सुरू न केलेले थोडे रुग्णही त्यात सापडले आणि त्यांच्यामुळेच तुलनेला काही अर्थ आला.

दुसरी अडचण आणखी मोठी होती. रुग्णांच्या नमुन्यांतून डीएनए काढला होता एका वेळी, निरोगी लोकांच्या नमुन्यांतून नंतर कधीतरी, वेगळ्या लॉटच्या किटने (डीएनए काढायच्या तयार रसायनांच्या संचाने). अशा वेळी दिसणारा फरक आजाराचा की किटचा, हे कुठलंही संख्याशास्त्र सांगू शकत नाही. नशिबाने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये विष्ठेचे जादा भाग शिल्लक होते. दोन्ही गटांतले नमुने मिसळून, सोबत कोरं पाणी आणि ज्यातले जिवाणू आधीच माहीत आहेत असं मिश्रण ठेवून, पुन्हा डीएनए काढला. कोरं पाणी यासाठी, की किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो आणि तो निकालात शिरतो.

त्यानंतर मी आग्रहच धरला: प्रकल्प एथिक्स कमिटीकडे (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे) जाण्याआधी आमच्याकडे एक बैठक. तिथे मी सॉफ्टवेअरबद्दल फारसं बोलत नाही. प्रश्नावली वाचते. गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे का, शौच घट्ट होते की पातळ. या शेवटच्या प्रश्नासाठी सात चित्रांचं ब्रिस्टल कार्ड रुग्णाच्या हातात द्यायचं, म्हणजे संकोच कमी होतो आणि उत्तरं नेमकी मिळतात. आहाराचा भाग तर आम्ही नव्याने लिहिला. परदेशी प्रश्नावलीत ब्रेड-चीज असतं, पण ज्वारी, बाजरी, नाचणी, ताक, साबुदाणा नसतो. निम्मे नमुने श्रावणात घेतले आणि निम्मे दिवाळीनंतर, तर उपवास आणि मांसाहार यांची नोंद हवीच. भोपाळ आणि केरळच्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात भोपाळकडे, जिथे आहार मुख्यतः शाकाहारी होता, प्रीव्होटेला नावाचा जिवाणू जास्त दिसला. आपल्याकडे ताटात काय आहे हे सोडून आतड्याबद्दल बोलताच येत नाही.

सिक्वेन्सिंगचा प्रश्नही याच बैठकीत सुटतो. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६-एस जनुकाचा व्ही३–व्ही४ तुकडा साधारण ४६० अक्षरांचा. दोन्ही बाजूंनी २५०-२५० वाचली तर मध्ये जेमतेम ४० अक्षरांचा ओव्हरलॅप (दोन्ही वाचनांत सामायिक भाग) उरतो. शेवटची अक्षरं खराब असतातच. ती छाटून २४० आणि २०० ठेवली की बेरीज ४४० होते आणि बहुतेक जोड्या जुळतच नाहीत. मग या जोड्या जुळवणाऱ्या डाडा-टू सॉफ्टवेअरला दोष देण्यात काय अर्थ आहे? ३००-३०० अक्षरांचं रीड (वाचन) आधीच मागवलं की छाटायला जागा मिळते.

विश्लेषण मी विद्यार्थ्याच्या वतीने करत नाही, त्याला शेजारी बसवून करते. आज्ञा त्यानेच टाइप करायच्या, आकडे बदलले की काय बदलतं ते त्यानेच बघायचं. वेळ लागतो, पण शोधनिबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचे प्रश्न आल्यावर उत्तर त्याला स्वतःला देता येतं. लाळेच्या नमुन्यांचं शॉटगन सिक्वेन्सिंग (एका जनुकाऐवजी नमुन्यातला सगळाच डीएनए वाचणं) असेल तर आणखी एक पायरी पक्की: त्यात माणसाचाच डीएनए भरपूर असतो, तो काढल्याशिवाय डेटा कुठल्याही सार्वजनिक संग्रहात जमा करायचा नाही. रुग्णाने संमती जिवाणूंच्या अभ्यासासाठी दिलेली असते.

पैशांचं म्हणाल, तर आता अनुदानाच्या अर्जातच विश्लेषणाचा खर्च वेगळा दाखवायला सांगते आणि मोठा वाटा असेल तर लेखकांच्या यादीत नाव, हेही आधीच ठरवते. माझ्या हाताखालच्या दोघांच्या नेमणुका मात्र अजून प्रकल्पागणिक आहेत. प्रकल्प संपला की तयार माणूस जातो आणि त्याने लिहिलेल्या स्क्रिप्ट समजावणारं कुणी राहत नाही. सर्व्हरइतकीच ही पदंही संस्थेच्या कायम खर्चात यावीत, असा प्रस्ताव मी दिला आहे आणि तो मंजूर होईपर्यंत मागे लागणार आहे.