बाळाला उताणं झोपवायचं ठरवलं तेव्हा... माझा अनुभव

पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला झालं. डिस्चार्जच्या आधी बाळाच्या डॉक्टर मॅडमनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं की पहिलं वर्ष बाळाला प्रत्येक झोपेला, अगदी दुपारच्या डुलकीलासुद्धा, पाठीवरच ठेवायचं, कडक सपाट गादी, आणि आजूबाजूला उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. कारण एसआयडीएस, म्हणजे चांगलं धडधाकट बाळ झोपेत अचानक जातं आणि तपासण्या करूनही कारण सापडत नाही. सगळ्यात जास्त धोका पहिल्या 1 ते 4 महिन्यात असतो म्हणे.

आई तिथंच म्हणाली, अहो मॅडम, उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर नाकातोंडात जाईल ना. मॅडमनी केस पेपरच्या मागे दोन नळ्या काढून दाखवल्या, बाळ पाठीवर असलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे आलेलं दूध खालच्या खालीच राहतं, पालथं असलं की उलटं होतं आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी येतं. त्या एका चित्राने जे काम केलं ते माझ्या शंभर वेळा सांगण्याने झालं नसतं.

तरी घरी आल्यावर "तुला पालथंच झोपवून वाढवलंय" हे झालंच. आणि ते खरंच आहे, तेव्हा परदेशातले डॉक्टरसुद्धा पालथंच झोपवा सांगायचे. मग 1994 ला अमेरिकेत पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षात तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे आईला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं, कारण आपण चुकीचं वागलो असं तिला कोणी म्हणत नव्हतं.

खरी रस्सीखेच मोहरीच्या उशीवरून. आजीने स्वतः शिवलेली, डोकं गोल व्हावं म्हणून. पण लहान बाळाला मान नीट वळवता येत नाही, तोंड मऊ कशात रुतलं की सोडलेलीच हवा परत परत आत जाते, म्हणून उशी नकोच. डोक्यासाठी मॅडमनी दुसरं सांगितलं, बाळ जागं असताना आपल्या डोळ्यासमोर पोटावर खेळवायचं आणि झोपताना डोक्याची बाजू बदलत राहायची. ते पोटावर खेळवणं आजीने स्वतःकडे घेतलं, सतरंजीवर समोर बसून टाळ्या वाजवायची.

टोपड्याचंही तसंच. अंघोळीनंतर केस वाळेपर्यंत आजीच्या मांडीवर टोपडं, झोपताना काढायचं, कारण बाळाची बरीच उष्णता डोक्यावाटे जाते आणि जास्त गरम होणंही धोक्याचंच. हातपाय गार लागले की सगळे दुपटी आणायला धावतात, पण बघायचं ते छातीला किंवा मानेमागे हात लावून, तिथं घाम असेल तर एक थर कमी. धुरी मात्र पूर्ण बंद केली, बाळाजवळ कसलाच धूर नको, सिगरेटचा तर नाहीच. यावर मी कुणाचंच ऐकलं नाही.

रात्रीचं सगळ्यात अवघड होतं. बाळ आमच्याच खोलीत पण वेगळ्या कॉटमध्ये, आणि पहाटेच्या फीडला डोळे उघडत नाहीत. सोफ्यावर बसून पाजू नकोस, तिथं डोळा लागला तर बेडपेक्षाही वाईट, असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून मी पलंगावरच उशा रजया बाजूला सारून पाजायचे आणि आई शेजारी बसून राहायची, ढेकर काढून तीच बाळाला कॉटमध्ये ठेवायची. ज्यांच्याकडे आई नाही त्यांनी नवऱ्याला उठवा, खरंच उठवा, सकाळी ऑफिस असलं तरी.

चौथ्या महिन्यात बाळ कुशीवर वळायला लागलं तशी दुपट्यात गुंडाळणं लगेच थांबवलं, कारण हात अडकलेलं बाळ पालथं झालं तर त्याला परत वळता येत नाही. आता ते दोन्हीकडे आपलं आपण वळतं, त्यामुळे रात्री पालथं दिसलं तरी सरळ करत बसत नाही, पण ठेवताना अजूनही उताणंच.