जेंटामायसिन, १४ मिलिमीटर

एम.एस्सी. होऊन एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये लागले तेव्हा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे रुग्णाच्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक चालेल ती चाचणी, लावणं मला सगळ्यात सोपं काम वाटायचं. म्युलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या मीडियाच्या, प्लेटवर स्वॅबने जंतू सारवायचे, अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पट्टीने झोन, म्हणजे डिस्कभोवतीची जंतू न वाढलेली वर्तुळं, मोजायचे. पट्टी वाचता आली की झालं!

आमच्याकडे कंट्रोल, म्हणजे ज्यांचा झोन किती यावा हे ठरलेलं असतं असे ओळखीचे जंतू, दर सोमवारी लागायचे, वाचायचे मंगळवारी. त्या मंगळवारी स्यूडोमोनास या जंतूच्या कंट्रोलचा (त्याचा क्रमांक एटीसीसी २७८५३) जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा झोन आला १४ मिमी. हवा १७ ते २३. डिस्क खराब म्हणावं, तर त्याच कुपीतल्या डिस्कने ई. कोलायचा कंट्रोल २१ मिमी देत होता, अगदी मर्यादेत.

मग मी सुचेल ते तपासत सुटले. जंतू दाट झाले की झोन आक्रसतो, म्हणून ०.५ मॅकफारलंड या गढूळपणाच्या मापाशी ताडून नवं सस्पेन्शन केलं. पुन्हा १४. अगार जाड झाला तरी तेच होतं, म्हणून प्लेटमधला तुकडा कापून मोजला. बरोबर ४ मिमी. मीडिया ओतणारे आमचे मामा मापाशिवाय ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ मिली ओततात, हात बसलेला. पीएच उतरला तर जेंटामायसिन लुळं पडतं, तो ७.३ निघाला. प्रत्येक शंकेला १६-१८ तास इन्क्युबेटर लागतो, त्यामुळे शुक्रवार उजाडला.

शेवटी आमच्या लॅबच्या मॅडमनी एकच विचारलं, "पाणी कुठलं?"

मामा सहज म्हणाले, "डिस्टिलेशनचा हीटर मागच्या आठवड्यात गुरुवारी गेला ना, मग बोअरचं घेतलं. गाळून घेतलंय हो, ताई."

आमचं बोअरचं पाणी म्हणजे किटलीत पांढरे पापुद्रे धरणारं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मीडियात उतरलं होतं. जेंटामायसिनला आत शिरायचं तर आधी स्यूडोमोनासच्या बाहेरच्या आवरणावर चिकटावं लागतं, आणि नेमक्या त्याच जागा हे धन आयन अडवून बसतात. औषध तेच, जंतू तोच, पण झोन लहान. ई. कोलायला हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून तो कंट्रोल साळसूद राहिला. ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ मीडियात, कॅल्शियम लिटरला २०-२५ आणि मॅग्नेशियम १०-१२.५ मिग्रॅ असं बांधून दिलेलं असतं. अगारमध्ये वेगळं काही घालत नाहीत, पावडर आणि पाण्यासोबत येईल ते खरं. गंमत म्हणजे म्युलर आणि हिंटन यांनी १९४१ मध्ये हा मीडिया केला तो गोनोकोकस आणि मेनिंगोकोकस वाढवायला. झोन मोजायचा तो मीडिया ठरला नंतर.

माझी चूक पाण्यापेक्षा मोठी होती. प्लेटची नवी बॅच वापरण्याआधी तिच्यावर कंट्रोल लावायला हवा होता; मी सोमवारची वाट पाहिली. तोवर आधीच्या शुक्रवारी लावलेल्या प्लेटवरून शनिवारी स्यूडोमोनासचे दोन रिपोर्ट वॉर्डात गेले होते, दोन्हींत जेंटामायसिन 'रेझिस्टंट', म्हणजे हे औषध चालणार नाही. (तेव्हा झोनवरून असा शेरा द्यायचा निकष होता, २०२३ मध्ये हे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने स्यूडोमोनाससाठी जेंटामायसिनचे निकषच काढून टाकले.)

दोन्ही जंतू स्लांटवर, म्हणजे नळीतल्या तिरक्या अगारवर, जपलेले होते, हे नशीब. डिस्टिल्ड वॉटरच्या नव्या प्लेटवर आधी कंट्रोल लावला, १९ आला. मग ते दोघे. एकाचा झोन ६ मिमी, म्हणजे डिस्कपुरताच. तो खराच रेझिस्टंट. दुसरा १२ वरून १७ वर गेला. सेन्सिटिव्ह.

मॅडमनी सुधारित रिपोर्टवर सही केली आणि फोन माझ्या हातात दिला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मेरोपेनेम सुरू होऊन आठवडा झाला," जेंटामायसिनऐवजी दिलेल्या त्या दुसऱ्या अँटिबायोटिकबद्दल ते म्हणाले, "रिपोर्ट पाठवा, फाइलला लावतो."