शाळेचं मैदान आणि दोन फायली

मी बारा वर्षं प्लॅनिंगच्या कामात आहे. जनसुनावण्या भरपूर केल्यात, ओरडाआरडा ऐकलाय, माईक हिसकावलेले पाहिलेत, त्यामुळे त्या संध्याकाळी हॉलमध्ये जाताना मला फार काही वाटत नव्हतं. पण त्या सुनावणीनंतर मी माझाच रिपोर्ट परत मागून घेतला, आणि हे मी याआधी कधीच केलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. एका शाळेची पटसंख्या दरवर्षी कमी होत चाललेली, एक विंग बंद, छत गळतंय, आणि दुरुस्तीला शाळा चालवणाऱ्या बोर्डाकडे पैसे नाहीत. मग प्रस्ताव आला की शाळेची जागा मैदानासकट विकायची, तिथे सात मजली इमारती होऊ द्यायच्या आणि आलेल्या पैशातून पलीकडची शाळा नीट करायची. कागदावर वाचलं तर चूक सापडत नाही. घरांची टंचाई खरी आहे, गळकं छतही खरं आहे. पुढच्या दहा वर्षांत किती मुलं शाळेत येतील याचा अंदाज मी काढला होता, आणि सगळा प्रस्ताव त्या एका आकड्यावर उभा होता.

तो आकडा काढायची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गेल्या काही वर्षांत पहिलीतली किती मुलं दुसरीत गेली, दुसरीतली किती तिसरीत, याचं प्रमाण काढायचं, परिसरातल्या जन्मांचे आकडे घ्यायचे (आज जन्मलेलं मूल पाच-सहा वर्षांनी शाळेच्या दारात येतं) आणि ते पुढे सरकवत न्यायचं. पद्धत चांगली आहे, जगभर वापरतात. फक्त तिचं एक गृहीतक आहे, की आजूबाजूची वस्ती साधारण आहे तशीच राहील.

सुरुवातीला नेहमीचे प्रश्न आले. ट्रॅफिक, पार्किंग, घरात ऊन येणार का, सगळ्यांची उत्तरं आमच्याकडे तयार होती. मग उतारावर राहणारे एक काका उठले आणि म्हणाले, "मॅडम, पाऊस पडला की मैदान पाणी पितं, म्हणून आमची घरं कोरडी राहतात. ते पाणी उद्या कुठे जाणार?" मी तिथल्या तिथे हिशोब केला. मैदान साधारण 1 हेक्टरचं, म्हणजे 10,000 चौरस मीटर. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, तर 50 मिलिमीटरच्या पावसात त्या मैदानावर 5 लाख लिटर पाणी पडतं. सगळंच जिरतं असं नाही, जमीन आधीच ओली असेल तर बरंच वाहूनही जातं, पण काँक्रीट आणि डांबर झालं की जवळजवळ सगळंच वाहणार. मी म्हटलं, बिल्डर जमिनीखाली साठवण टाकी बांधणार आहे. काकांनी शांतपणे विचारलं, "आणि वीस वर्षांनी त्या टाकीतला गाळ कोण काढणार?" प्रस्तावात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

त्यानंतर एक ताई उठल्या. हातात मुलाची जुनी वही, मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने हिशोब केलेला, बऱ्याच ठिकाणी खोडून परत लिहिलेलं. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "तुमच्या एका फाईलमध्ये लिहिलंय मुलं कमी होतायत म्हणून शाळा विकायची. दुसऱ्या फाईलमध्ये लिहिलंय इथे आणि मागच्या दोन प्लॉटवर नवीन घरं येणार. त्या घरांतली मुलं कुठल्या फाईलमध्ये मोजलीत?"

मी समोरचे कागद चाळले. माहीत होतं तरी चाळले. ती मुलं कुठेच नव्हती. पटसंख्येचा अंदाज मी केला होता, घरांचा आराखडा शेजारच्या टेबलवर झाला होता, आणि आम्ही दोघांनी एकमेकांचा आकडा घेतलाच नव्हता. बिल्डरचा माणूस म्हणाला की छोटे फ्लॅट आहेत, त्यात फारशी मुलं नसतात. हे काही अंशी बरोबर आहे, एका बेडरूमच्या घरामागे शाळकरी मुलं कमीच धरतात. पण ताईंनी त्याचंही उत्तर लिहून आणलं होतं, की परवडणारं पहिलं घर घेतात ती नवीन लग्न झालेली जोडपी, आज मूल नसेल पण सहा वर्षांनी असेल, आणि तोपर्यंत शाळा विकून झालेली असेल. मी माईकवर सांगितलं की हा हिशोब आम्ही केलेला नाही, तुमचा मुद्दा बरोबर आहे. बोर्डाच्या अध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते अजून लक्षात आहे, पण खोटं बोलणं मला शक्य नव्हतं.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे तिथले लोक इमारतींच्या विरोधात नव्हते. बंद विंगच्या जागी घरं बांधा, असं तर तिघाचौघांनी स्वतःहून सांगितलं. त्यांचं म्हणणं मैदानापुरतं होतं. आणि खरंच आहे ना, दाट वस्ती वाईट नसते, माणसं जवळ राहिली की बस परवडते, शाळा चालत गाठता येते, दुकानं टिकतात. पण फ्लॅटला अंगण नसतं, त्यामुळे वस्ती जेवढी दाट तेवढी मोकळी जागा जास्त लागते, आणि आम्ही नेमकी तीच आधी विकायला काढतो. 1929 मध्ये क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजनकाराने आदर्श वस्ती कशी असावी याची कल्पना मांडली तेव्हा शाळा मधोमध ठेवली होती, मुलाला मोठा रस्ता न ओलांडता चालत पोचता यावं म्हणून, आणि साधारण दहा टक्के जागा बागा-मैदानांना दिली होती. हे आम्ही सगळे पहिल्या वर्षाला शिकतो. इंग्लंडमध्ये 1998 च्या कायद्यानुसार सरकारी शाळेचं मैदान विकायला मंत्र्यांची परवानगी लागते. शिकागोत 2013 मध्ये कमी पटाचं कारण देऊन जवळपास 50 शाळा एकदम बंद केल्या, पालकांची मोठी भीती होती ती नव्या शाळेपर्यंत मुलांना ज्या रस्त्यांनी जावं लागणार त्यांची, आणि त्यातल्या कितीतरी इमारती पुढे वर्षानुवर्षं रिकाम्या पडून होत्या. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी माझ्या रिपोर्टात त्यातलं काही नव्हतं, कारण मला विचारलं होतं फक्त किती बाकं रिकामी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेले. रिपोर्टसाठी आलेच नव्हते असं नाही, पण आले होते ते दुपारी, शाळेच्या वेळेत. आता फेन्सिंगच्या कडेने चालणारे होते, एक आजी वॉकर घेऊन गोल फेरी मारत होत्या, आणि गवतात पावलांनी पडलेली लांबट गोल वाट इतकी घट्ट झाली होती की तिच्यावर गवत उगवतच नव्हतं. आमच्या नकाशात ती वाट नाही. वापराच्या रकान्यात आम्ही लिहिलं होतं, 'शालेय उपयोग, घटता'.

ऑफिसला जाऊन रिपोर्ट मागे घ्यायचं पत्र दिलं. साहेब चिडले, म्हणाले विक्रीचं वेळापत्रक बिघडतंय. मी म्हटलं, सर, बिघडू दे, विकलेली जागा पुन्हा घ्यायला कोणी येणार नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग सहा आठवडे दिले. आता दोन्ही टेबलांचे आकडे एकत्र करतोय, मैदान ठेवून फक्त बंद विंगची जागा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर देता येईल का तो पर्यायही मांडतोय. त्यात दुरुस्तीचा पूर्ण खर्च निघेल का याची मला खात्री नाही, कदाचित नाही निघणार. त्या ताईंनी वहीच्या पानांची झेरॉक्स दिलीय. त्यांचा एक गुणाकार चुकलाय, तो बरोबर केल्यावर मुलांचा आकडा त्यांनी धरला होता त्याहून जास्त येतो.